तू मला खालीच धर

कल्पना करा, तुमच्यासमोर पांढऱ्या संगमरवराची एक कबर आहे आणि तिच्यावर सांडून थिजलेलं मेण तुम्हाला काढायचं आहे. चाकू घेतला तर दगडावर ओरखडे उठतील. उकळतं पाणी ओतलं तर मेण पातळ होऊन दगडाच्या बारीक छिद्रांत उतरेल आणि तेलकट डाग कायमचा राहील. म्हणून पाणी कोमटच हवं. फडकं भिजवायचं, पिळायचं, मेणावर दाबून ठेवायचं आणि मेण मऊ झालं की प्लॅस्टिकच्या पट्टीनं कडेकडेनं उचलायचं. घाई केलीत तर तुकडा पडतो, रेंगाळलात तर पुन्हा घट्ट होतं. आणि हे सगळं करताना तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे: ज्यांनी या मेणबत्त्या लावल्या, त्यांच्यापैकी कुणीही खाली झोपलेल्या बाईसाठी काही मागितलेलं नाही. प्रत्येकानं तिच्याकडे मागितलं आहे.

रेजिना तुस्कानो इंदूरच्या कब्रस्तानात हे काम एमिली टीचर गेल्यापासून करते आहे. त्याला आता सहा वर्षं झाली.

रेजिना वसईजवळच्या गावची. नवरा ऐन तारुण्यात वारला, पदरात लहान मुलगी. गावचीच एमिली घोन्साल्विस तेव्हा इंदूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. तिथल्या पलासिया भागातल्या एका मागच्या गल्लीत एक घर भाड्यानं घेऊन तिनं बाहेरगावच्या मुलींसाठी छोटं वसतिगृह चालवलं होतं. तिथं स्वयंपाक करायला तिनं रेजिनाला बोलावून घेतलं. रेजिना आली ती इथलीच झाली. सुरुवातीला ती गावच्या सवयीनं चर्चला ‘देऊळ’ म्हणायची. रविवारी रिक्षात बसून ‘देवळात चला’ म्हणाली की रिक्षावाला हमखास विचारायचा, “खजराना ना, आंटीजी?” एकदा तर त्यानं खरोखर गणपतीसमोर नेऊन उतरवलं. रेजिनानं हात जोडले आणि तीच रिक्षा परत फिरवली. ही गोष्ट टीचर जेवताना मुलींना रंगवून सांगायची.

टीचर स्वतः लग्न न केलेली, पण दुसऱ्यांचे मोडकळीला आलेले संसार सांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अपूर्णांक न कळणाऱ्या मुलीला जसं शांतपणे समोर बसवावं, तसं ती नवरा-बायकोला बसवायची, मध्ये चहा ठेवायची. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये, हे तिच्या रक्तात होतं. कितीतरी घरं तिनं सांधली. त्यांत हिंदू घरं होती, मुसलमान होती, ख्रिस्ती होती. म्हणून ती गेल्यावर लोक कबरीवर यायला लागले. आधी जुन्या विद्यार्थिनी आल्या, मग त्यांच्या बहिणी, मग कोण कुठल्या बायका. कुणाचा नवरा पितो, कुणाची सासू छळते, कुणी माहेरी येऊन बसली आहे. मेणबत्ती लावायच्या, डोकं टेकवायच्या, म्हणायच्या, टीचर, माझं घर टिकू दे. आणि काहींची घरं टिकली. चर्चच्या समितीवरच्या मुकुल डामोरचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. त्यानं टीचरचा फोटो घालून एक बॅनर केला: ‘घर जोडणारी टीचर’. तो कब्रस्तानाच्या फाटकाला लागला.

त्या बॅनरखालून रेजिना मान खाली घालून जायची.

कारण टीचरचे शेवटचे आठवडे तिनंच काढले होते. कर्करोग यकृतात उतरला होता. फादर येऊन पापनिवेदन ऐकून, मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावून गेले होते. त्यानंतर एका दुपारी टीचर स्वच्छ शुद्धीत येऊन म्हणाली, “रेजिना, पलक आठवते?”

रेजिनाला आठवत होती.

“मला क्षमा झालीय. फादरनी दिली, देवानं दिली. पण जे झालं ते झालंच आहे ना? ते मला फेडावं लागेल.” मग ती हसली. “लोक मला थेट वर बसवतील बघ. त्यांचं ऐकू नकोस. तू मला खालीच धर. माझ्यासाठी मिस्सा सांगत जा, माळ म्हणत जा. मी सुटले की तुला कळेल.”

“कसं कळेल?”

“ते मला तरी कुठं माहीत आहे?”

कॅथलिक माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. पापाची क्षमा झाली तरी त्याचा माग आत्म्यावर राहतो, आणि तो जाईपर्यंत आत्मा शुद्धिस्थानात थांबतो. तिथं त्याला स्वतःसाठी काही करता येत नाही. जे काही करायचं ते जिवंत माणसांनी, प्रार्थनेनं. रेजिना हे आपल्या भाषेत सांगते: कपडा धुऊन झालाय, पण दोरीवर आहे, आणि दोरीवरचा कपडा आपला आपण उतरत नाही, कुणीतरी काढावा लागतो. उलट जो स्वर्गात पोचला तो संत. त्याच्यासाठी प्रार्थना करायची नसते, त्यानं आपल्यासाठी करायची असते. म्हणजे ज्याला सगळं गाव संत समजतं, पण जो अजून दोरीवरच आहे, त्याच्याइतका एकटा आत्मा दुसरा नाही. त्याच्या दारात गर्दी असते, पण त्याच्यासाठी कुणी आलेलं नसतं.

पहिली काही वर्षं टीचरच्या पुण्यतिथीला चर्चमध्ये मृतांसाठीची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, व्हायची. या वर्षी समितीनं ठरवलं, आता ती कृतज्ञतेची मिस्सा करायची.

“टीचरला चिरशांती दे, असं म्हणायचं नाही?” रेजिनानं बैठकीत विचारलं.

“अरे आंटीजी,” मुकुल म्हणाला, “इतने लोगों के घर बस गए उनकी दुआ से. अब हम उनके लिए दुआ करें? ये तो सूरज को टॉर्च दिखाना हुआ!”

सगळे हसले. रेजिनाही हसली, कारण मुकुल चांगला मुलगा होता. तिला दवाखान्यात न्यायला तोच गाडी काढायचा. आणि हल्ली दवाखान्यात वरचेवर जावं लागत होतं. पलासियाच्या डॉक्टरनी सांगितलं होतं की हृदयाची एक झडप आकसली आहे, या वयात शस्त्रक्रियेत जोखीम आहे, आणि न करण्यातही आहे. पुण्याहून लेक रोज फोन करायची, की आई, इकडे ये. रेजिना म्हणायची, येते, मृतांचा दिवस होऊन जाऊ दे. तिला स्वतःच्या मरणाची फारशी धास्ती नव्हती. ती गेली की टीचरसाठी माळ म्हणणारं या शहरात एकही माणूस उरणार नव्हतं, याची होती.

ती फादर मानसना जाऊन भेटली. फादर ओडिशाचे, तरुण, ऐकून घेणारे. त्यांनी तिला वेड्यात काढलं नाही.

“आप बिल्कुल सही हैं, आंटी,” ते म्हणाले. “चर्चनं अजून त्यांना संत म्हटलेलं नाही. मी माझ्या मिस्सेत त्यांचं नाव घेईन. आणि कुठलीही मिस्सा वाया जात नाही. त्यांना गरज नसेल तर दुसऱ्या कुणाला लागेल.”

“नाही फादर. त्यांनाच लागेल. लोकांना सांगा ना तुम्ही.”

फादरनी तिच्याकडे नीट पाहिलं. “काय सांगू? त्यांना गरज आहे, असं तुम्हाला काही माहीत आहे का?”

रेजिनाच्या मनात आलं, सांगितलं तर जे कबरीवर येतात तेही यायचे थांबतील, आणि टीचरचं नाव मातीत जाईल. मग प्रार्थना कोण करणार? ती “काही नाही” म्हणून उठली.

ऑक्टोबरच्या शेवटी ती मृतांच्या दिवसासाठी कबर धुवायला गेली, तेव्हा तिला दोन गोष्टी दिसल्या. उभ्या दगडाला खालून वर एक केसासारखी चीर गेली होती. रोज पुढ्यात जळणाऱ्या मेणबत्त्यांनी संगमरवर एका बाजूनं तापतो, दुसऱ्या बाजूनं थंड राहतो, आणि असा दगड कधी ना कधी तडकतोच. तिला हे मुकुलनं समजावलं आणि तिला पटलंही. पण हात ठेवला की ऊब वरून नाही, खालून येते आहे असं तिला वाटायचं. दुसरी गोष्ट दगडाच्या मागच्या बाजूला होती. तिकडे कडुनिंबाची कायम सावली असते. तिथं शेंदरानं एक स्वस्तिक काढलेलं होतं. उलटं.

इंदुरात राहून रेजिनाला त्याचा अर्थ माहीत होता. खजराना गणपतीच्या मागच्या भिंतीवर लोक उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात, आणि नवस पुरा झाला की येऊन सुलटं काढतात. तिनं सगळा दगड धुतला, पण ते पुसलं नाही. कुणाचा तरी शब्द तिथं अडकलेला होता.

मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरच्या दुपारी, कब्रस्तान झेंडूनं आणि मेणबत्त्यांनी भरून गेलं. ज्यांना आपलं कुणी नव्हतं अशा जुन्या पडक्या कबरींवरही मुलांनी फुलं ठेवली होती. फादर मानस तीर्थ शिंपडत एकेका कबरीपाशी थांबत होते. प्रत्येक ठिकाणी लोक एका सुरात म्हणत होते, हे प्रभो, यांना चिरशांती दे. टीचरच्या कबरीपाशी सगळ्यांत मोठी गर्दी होती. फादरनी तीर्थ शिंपडलं आणि क्षणभर थांबले. तेवढ्यात मागून कुणीतरी आभाराचं गाणं सुरू केलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. त्या गाण्याखाली रेजिना एकटी म्हणत राहिली, हे प्रभो, तिला चिरशांती दे, तुझा अखंड प्रकाश तिच्यावर पडू दे. पुढच्या बाईनं मागं वळून डोळे वटारले, जणू लग्नात कुणी रडायला लागावं.

गर्दी पांगल्यावर रेजिना कोमट पाण्याची बालदी घेऊन बसली. मेण अजून मऊ होतं. मागच्या बाजूला गेली, तर तिथं एक बाई उकिडवी बसून शेंदराच्या बोटानं स्वस्तिकाच्या फिकट रेषा पुन्हा गिरवत होती. साठीची, अंगावर सुती साडी, शेजारी पिशवी.

“पुसू नका हं, आंटीजी,” बालदी पाहून ती घाईनं म्हणाली. “माझी मन्नत आहे.”

“तुम्हीच काढलंत हे?”

“हो जी. उलटा साथिया. खजरान्याला काढतो ना आम्ही, तसाच. इथं चालतं की नाही, काय मालूम, म्हणून मागून काढला. समोर काढला असता तर तुमच्या लोकांनी मला पिटलं असतं.”

“पिटलं नसतं,” रेजिना म्हणाली. “फोटो काढून ग्रुपवर टाकला असता.”

बाई पदर तोंडाला लावून हसली. तिचं नाव इंदिरा. इंदूरजवळच्या बेटम्याहून बसनं आली होती. तिच्या सासरची माणसं पिढ्यांपूर्वी होळकरांच्या फौजेत होती, आता शेती होती. “आमचे हे, जयसिंगराव, तेही आले असते. पण गुडघे गेलेत त्यांचे. बोलले, तूच जाऊन सांग टीचरला.”

“काय सांगायचं होतं?”

इंदिराबाईनं शेंदराचं बोट पिशवीला पुसलं. “माझी मुलगी होती, पलक. टीचरकडं शिकली. मैथ्समध्ये एकदम तेज. इथंच इंदूरला दिली होती. स्टोव्हचा भडका झाला आणि गेली. दहा वर्षं होतील. तिची मैत्रीण आत्ता भेटली, ती बोलली, पलक जायच्या थोडेच दिवस आधी टीचरला मिळायला गेली होती. मला मालूमच नव्हतं. मग मी सोचलं, टीचर आता वर आहेत, तर पोर त्यांच्याजवळच असेल ना? म्हणून मन्नत मागितली. जलून गेलेली पोर आहे, टीचर. तिला ठंडक द्या. एकदा स्वप्नात हसताना दिसली की मी येऊन सीधा साथिया काढीन.”

रेजिनाच्या हातातलं फडकं गार झालं होतं.

“ताई,” ती म्हणाली, “टीचरसाठीपण काही मागाल का देवाकडं?”

“टीचरसाठी? घ्या! ज्यांच्याकडं मागायचं, त्यांच्यासाठीच मागायचं? गणपतीला कोणी विचारतं का, भिया, तुमचं सगळं ठीक चाललंय ना?”

पुन्हा हसायची वेळ होती, पण रेजिना हसली नाही. छातीत डाव्या बाजूला ती ओळखीची ओढ लागली होती. तिच्या मनात आलं, टीचरसाठी प्रार्थना करतील म्हणून आपण ज्यांची वाट पाहत होतो त्या सगळ्या माणसांपेक्षा मोठं माणूस समोर बसलंय. फादरची क्षमा झाली, देवाची झाली. या बाईची कुठं झाली आहे? जी गोष्ट हिला माहीतच नाही, तिची क्षमा ही कशी करणार?

“पलक नुसती भेटायला आली नव्हती,” ती म्हणाली. “दार मीच उघडलं. तिच्या दंडावर चटका होता, इस्त्रीचा. टीचरच्या पायाशी बसली आणि बोलली, मला परत पाठवू नका.”

इंदिराबाईनं पिशवी जवळ ओढली.

“टीचरनी तुमच्या जावयाला फोन केला. तो आला. रडला, पाया पडला, पुन्हा असं होणार नाही बोलला. टीचरनी खूप समजावलं दोघांना. पलकचा हात त्याच्या हातात दिला. आणि मी...” रेजिनानं हातातलं फडकं पिळलं. “मी डब्यात लाडू भरून दिले.”

कडुनिंबावर साळुंक्या भांडत होत्या. फाटकापाशी मुकुल खुर्च्या उचलत होता, त्यांचा खणखणाट येत होता.

इंदिराबाईनं विचारलं, “आमच्याकडं का नाही पाठवली?”

“टीचरना वाटायचं, संसार...”

“बेटमा किती दूर आहे?” तिचा आवाज चढला नव्हता. “मी बसनं येते इथं. एक बस आहे. एका बसमध्ये बसवायचं होतं तिला.”

“मरताना त्यांच्या तोंडात पलकचंच नाव होतं, ताई. बोलल्या, मला फेडावं लागेल. म्हणूनच मी तुम्हाला—”

“फेडतायत?”

“मला तसंच वाटतं. आणि त्यांच्यासाठी मागणारं कुणी नाही.”

इंदिराबाईनं रेजिनाच्या हातातून फडकं काढून घेतलं. बालदीत बुडवलं, पिळलं आणि दगडावरचं स्वस्तिक पुसायला लागली. सावकाश, एकेक रेष. शेंदूर पाण्याबरोबर लालसर ओघळत खालच्या मातीत गेला. दगड कोरा झाला, तरी ती थोडा वेळ पुसतच राहिली. मग फडकं घडी करून बालदीच्या काठावर ठेवलं आणि तळहात दगडावर टेकवला.

“गरम आहे,” ती म्हणाली.

“ऊन लागतं ना दिवसभर.”

इंदिराबाईनं वर कडुनिंबाकडे पाहिलं, मग रेजिनाकडे. “इकडं कुठाय ऊन?”

पुढच्या बाजूला मेणबत्त्या जळत होत्या, त्यांची धग दगडातून इकडे येऊ शकते, हे रेजिनाला ठाऊक होतं. पण ते तिच्या तोंडून निघालं नाही. इंदिराबाईनं पिशवी उचलली, पदर खांद्यावर घेतला आणि फाटकाकडे चालू लागली. बॅनरपाशी क्षणभर थांबली. वाचलं की नाही, ते इतक्या लांबून दिसलं नाही. मग ती रस्त्यावर गेली.

त्यानंतर ती पुन्हा आलेली नाही. रेजिनाही पुण्याला गेलेली नाही. लेक फोनवर रडते, डॉक्टर रागावतात, आणि ती सकाळी उठून कोमट पाणी घेऊन कब्रस्तानात जाते. दगडावरची चीर आता टीचरच्या नावापर्यंत पोचली आहे. पुढून बायका मेणबत्त्या लावतात आणि घर टिकू दे म्हणतात. त्यांतली एखादी दंड पदराखाली झाकून आलेली असते, तेव्हा रेजिना तिला बाजूला घेऊन आधी विचारते, माहेर कुठं आहे तुझं. मग मागच्या बाजूला जाऊन माळ म्हणते, आणि झाली की कोऱ्या दगडावर हात ठेवून पाहते.

मी सुटले की तुला कळेल, असं टीचर म्हणाली होती. रेजिनाला अजून काही कळलेलं नाही. तिला एकच विचारायचं आहे, आणि ते सांगू शकेल अशी एकच बाई बेटम्याला राहते: त्या दुपारी तुम्ही नवस मागं घेतलात ताई, की टीचरला माफ केलंत?